दीडशेवर अडलेला आकडा

कर्वेनगरातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात इन्फ्रारेडचं यंत्र आलं, तेव्हा ते चालवायला यवतमाळकडची एक तिशीतली ताई मिळाली. काम सांगायला सोपं. वरून-खालून उष्णता देऊन सर्किट बोर्डावरच्या चिपखालचं सोल्डर वितळवायचं आणि चिप पुन्हा नीट बसवायची. बोर्ड किती तापला ते यंत्र एका बारीक काचेच्या डोळ्याने बघतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. मी त्या आकड्याला देव मानायचो. ताई नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांतवाडीच्या एक बाई भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनचा बोर्ड घेऊन आल्या. तो बोर्ड आता कुठे बनत नाही, आणि दिवाळीचे ब्लाउज अर्धवट पडलेले.

"हा गेला तर माझं मशीन भंगारात," म्हणाल्या आणि स्टुलावर ठाण मांडून बसल्या. झालं की फोन करतो म्हटलं, तरी हलेनात.

ताईने यंत्र सुरू केलं. सोल्डर वितळायला दोनशे अंशांच्या वर जावं लागतं; पडद्यावर दीडशे दिसत होते, आणि पुढे सरकायचं नाव नाही. मी म्हणालो, "वाढवा जरा उष्णता."

तिने उलट सगळं बंद केलं. "सर, वास पाहा ना. चिपखाली लावलेली पेस्ट धूर सोडून राहिली. हा आकडा खोटा हाय."

मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "नका जी!" ताई म्हणाली. "एकदम थंड झाला तर बोर्ड वाकून जाईल." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी हात मागे घेतला.

बोर्ड आपसूक निवल्यावर तिने चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि यंत्राच्या डोळ्याखाली ठेवलं. खळखळतं पाणी, आणि पडद्यावर जेमतेम साठ! मी कंपनीला फोन लावायला निघालो होतो. तिने वाकून त्या डोळ्यात पाहिलं, स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि काच पुसली. कापूस लालभडक.

"पूजा कोणी केली होती जी?"

मीच केली होती. खंडेनवमीला, चष्मा न लावता, जिथे गोल दिसलं तिथे कुंकू लावत गेलो होतो.

दुसऱ्या खेपेला मी लांबच उभा राहिलो. सोल्डर वितळलं तेव्हा तिने सुईच्या टोकाने चिपला हलकेच ढकललं. चिप इवलीशी सरकली आणि आपणहून जागेवर परत आली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण इतका हलका हात मी पाहिलेला नाही. मला तिचा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मशीन चालू झाल्याचा बाईंचा फोन आला. रडत होत्या. कुंकवाची चूक माझीच होती, हे मी तेव्हा त्यांना सांगून टाकलं.

हल्ली मशीन पुन्हा अडलं की त्या दारातूनच विचारतात, "ताई आहेत का?" मी समोर बसलेलो असतो. ताई नसली, तर बोर्डाची पिशवी छातीशी धरून तशाच विश्रांतवाडीला परत जातात.