खांबेटे मॅडमची चूक

डॉ. खांबेटे वॉर्डात शिरल्या की आधी बाळाचा लंगोट उचलून हुंगायच्या, केसपेपर नंतर वाचायच्या. नव्या नर्सेस तोंड फिरवत. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी एक ओलं दुपटं माझ्यासमोर धरलं.

"वास कसला येतोय, साळवी?"

"गोडसर."

"गोड पुष्कळ काही असतं. नीट सांगा."

"काकवीसारखा."

"बिल्कुल. पुस्तकात कुठल्या तरी परदेशी पाकाचं नाव दिलंय. तो मी जन्मात पाहिला नाही. काकवी लिहा."

काही मुलांच्या शरीरात प्रथिनांचे ठरावीक घटक पचवण्याची सोयच जन्मतः नसते. जन्मताना मूल धडधाकट दिसतं. दूध पिऊ लागलं की ते घटक रक्तात साठतात आणि काही दिवसांत मेंदूवर परिणाम होतो. मूल अंगावर ओढत नाही, झोपून राहतं, ताठ होतं, लघवीला काकवीसारखा वास येतो. दिसायला सगळं जंतुसंसर्गासारखं, त्यामुळे कागदावरही बहुधा तेच लिहिलं जातं. अशा आनुवंशिक आजारांचा अभ्यास हे मॅडमचं आयुष्यभराचं काम होतं.

वडिलांच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे त्या दिल्लीतल्याच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढल्या. पेशंटशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. इतक्या दुर्मीळ आजारामागे कशाला लागता, असं एका वरिष्ठांनी त्यांना माझ्यादेखत विचारलं होतं. "दुर्मीळ हा आपल्या सोयीचा शब्द आहे, सर," त्या म्हणाल्या. "ज्या घरात आहे, त्या घराला दुसरा आजार माहीतच नसतो."

त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. मुलांना उचलून घेणं, आयांच्या पाठीवरून हात फिरवणं त्यांना जमायचं नाही. पण वॉर्डात दगावलेल्या प्रत्येक बाळाच्या रक्ताचे थेंब त्या टिपकागदावर वाळवून फ्रीझरमध्ये ठेवायला लावत. "आज कळत नाही, उद्या कळेल. फेकायचं नाही."

एका सकाळी कॅन्टोन्मेंटमधून साताऱ्याकडचा एक लष्करी हवालदार बायकोला घेऊन आला. बायकोचं नाव सविता. कुशीत सहा दिवसांची मुलगी, डोळे मिटलेले, मान मागे ताणलेली. ही तिसरी. पहिला मुलगा गावी दगावला, दुसरा तीन वर्षांपूर्वी इथेच दिल्लीत. दोघंही आठवड्याच्या आत. सासू गावात सांगत होती की हिचं दूधच मुलांना बाधतं.

मॅडमनी दुपटं हुंगलं आणि रक्त घ्यायला सांगितलं. मी चाचणी दोनदा केली. आजार तोच होता. आता अंगावरचं दूध बंद करायचं होतं, म्हणजे सासूच्या म्हणण्यावर शिक्काच. मॅडम दोघांना समोर बसवून हळू बोलल्या.

"सविता, तुझं दूध चांगलं आहे. कुठल्याही दुसऱ्या बाळाला चाललं असतं. या मुलीला ते पचत नाही, कारण तिला अर्धी उणीव तुझ्याकडून आली आणि अर्धी याच्याकडून. एकाच बाजूने आली असती, तर काही झालं नसतं."

हवालदाराने टोपी उचलली. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन त्याने गावी फोन लावला. दार उघडंच होतं. "आई, ते माझ्याकडनंबी आलंय. निम्मं माझं हाय. तिला परत कुणी बोलायचं न्हाई." सविताने पदर तोंडावर घेतला.

खास दुधाच्या पावडरीवर मुलगी चौथ्या दिवशी पहिल्यांदा भुकेने रडली. त्याच दुपारी मॅडम प्रयोगशाळेत आल्या. या जोडप्याचा दुसरा मुलगा कुठे दगावला, हे त्यांनी सविताला विचारून घेतलं होतं. तो आमच्याच वॉर्डात होता. मी फ्रीझरमधला त्याचा टिपकागद शोधला, तपासला. तोच आजार. जुन्या केसपेपरवर जंतुसंसर्ग लिहिलं होतं आणि खाली मॅडमचीच सही होती.

"त्यांनी काही विचारलेलं नाही, मॅडम," मी म्हणालो. "सांगायलाच हवं का?"

"ते विचारत नाहीत, कारण त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे."

वॉर्डात जाऊन त्यांनी सविताला आणि हवालदाराला उभ्यानेच सांगितलं. सविताने एवढंच विचारलं, "तवा कळलं असतं, तर जगला असता?"

"कदाचित. हो."

त्यानंतर पुढच्या तिन्ही भेटींत सविता त्यांच्याशी बोलली नाही. मुलीला माझ्या हातात द्यायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. मॅडमनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. त्या काळात त्यांनी नियम लावला की आजारी नवजात बाळाच्या आजाराला नाव देण्याआधी त्याचं रक्त तपासायचं. या आजारावरच्या त्यांच्या शोधनिबंधात पहिली हकीकत त्या मुलाची आहे, निदान चुकल्याच्या कबुलीसह. चौथ्या भेटीत सविताने मुलीला मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भात किती देऊ, लिहून द्या."

मुलगी उशिरा चालली. आता शाळेत जाते. डाळ आणि दूध मात्र मोजूनच.

मॅडम निवृत्त झाल्या, मग आजारी पडल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्याच्या पंधरवडाभर आधी सविताला चौथं मूल झालं. यालाही चारात एक धोका होताच, म्हणून रक्त लगेच घेतलं आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळाला पावडरीवर ठेवलं. रिपोर्ट हाती पडताच मी तो घेऊन थेट मॅडमच्या घरी गेलो. त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी सगळे आकडे वाचले, दुसऱ्यांदा वाचले.

"निरोगी आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय. तिला कळवलंत?"

"आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं," हातातला चहाचा कप सावरत मी म्हणालो.

"साळवी, ती तिकडे दूध दाबून बसलीय, आणि तुम्ही इकडे चहा पिताय. फोन लावा."

मी लावून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सविता, खांबेटे बोलतेय. बाळ ठीक आहे. पाज त्याला."

पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग ते थांबलं आणि चुटूचुटू पिण्याचा आवाज येऊ लागला. मॅडमनी फोन ठेवला नाही. डोळे मिटून त्या कितीतरी वेळ तशाच ऐकत बसल्या.