नॉर्मल भाजी

‘नॉर्मल’ या शब्दावर माझा जुना राग आहे. बाभुळगावच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पोरांकडून विशेषणांचे तक्ते घोकून घेतले, आणि हा शब्द मात्र मला न विचारता अख्ख्या तालुक्यात पसरला. बसस्टँडवरच्या हॉटेलात वेटर विचारतो, “पाणी थंड की नॉर्मल?” जसा काही थंड पाण्याला आजारच झालाय. शेजारची सून बाळंत झाली, तर मुलगा की मुलगी हे मागाहून, आधी “नॉर्मल झाली!” आणि आमच्याकडे कोणी “भाजी नॉर्मल तिखट आहे” म्हटलं, की पुण्याच्या पाहुण्यानं मुकाट्यानं तांब्या जवळ ओढून घ्यावा.

मागच्या पावसाळ्यात हा शब्द माझ्याच घरात ठाण मांडून बसला. आमच्या ह्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वास आणि जिभेवरची चव घेऊन गेला. यवतमाळला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, येईल हळूहळू. घरी आल्यावर ह्यांनी फाइल कपाटावर फेकली.

“रिपोर्ट नॉर्मल हाये. मीच नाही,” म्हणाले.

ह्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, पण गावात ओळख खवय्या म्हणून. तो माणूस आता ताटावर नुसता हजेरी लावायला बसायचा. अर्धी भाकर, आणि उठला. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडते. तसे महिने गेले.

हिवाळ्यात आमच्या ओळीतली सगळी घरं मिळून शेतातल्या मारोतीपाशी रोडगे करतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरून तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्या दिवशी पुरुषांनी रांधायचं, वाढायचं आणि बायकांनी सतरंजीवर बसून नावं ठेवायची. माझा हा सगळ्यात लाडका सण आहे. भाजी दरवर्षी ह्यांचीच. नैवेद्य दाखवल्याशिवाय ती कोणी चाखत नाही, करणाराही नाही. ह्यांचा सगळा कारभार नाकावर.

यंदा म्हणाले, “दुसऱ्या कोनाले सांगा.”

 हा माणूस एकदा त्या कढईपासून उठला, तर परत बसायचा नाही, हे मला दिसत होतं.

“नाक बंद हाये तुमचं, हात नाही,” मी म्हटलं. “चला गुमान.”

शेतात ह्यांनी तेल तापवलं, मसाला सोडला. वाफेवर तोंड धरून श्वास ओढला, पुन्हा ओढला, आणि मागे सरकून बसले. मी सतरंजीवरून बघत होते. तेवढ्यात सगळ्यांदेखत हाक आली.

“ऐकते का? इकडे ये जरा.”

बायका हसल्या. मी गेले.

“वास सांग,” ते हळूच म्हणाले.

“मसाला कच्चा हाये अजून.”

त्यांनी ढवळलं. “आता?”

“खोबऱ्याचा येऊन राह्यला. पन वरवरचा.”

वांगी पडली, पाणी पडलं, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पडला. मी तिथंच उकिडवी बसून राहिले. धुरानं डोळे चुरचुरत होते.

“आता?”

मी वाकले. तोच वास होता, दर हिवाळ्यातला. त्याला काय म्हणावं ते मला सुचेना. एवढे तक्ते पाठ, पण त्यातलं एकही विशेषण कामाला येईना.

“आता नॉर्मल,” मी म्हणाले.

 त्यांनी लगेच चुलीतली लाकडं बाहेर ओढली.  माझं नाक चुकलं, तर नाव त्यांचं जाणार होतं.

नैवेद्य झाला, पंगत बसली. शेजारचे काका वयाच्या मानानं पहिल्या पानावर. लग्नाच्या जेवणालाही ह्या माणसानं कधी बरं म्हटलेलं नाही. आमचे हे भाजीची बादली घेऊन त्यांच्यासमोरच थबकले. काकांनी रोडगा कुस्करला, त्यावर भाजी ओतून घेतली आणि जेवू लागले.  मग मान वर न करता ताट पुढे केलं.

“काहून थांबला? वाढ ना!”

सतरंजीवरून कोणीतरी विचारलं, “काका, भाजी कशी झाली?”

“कशी म्हंजे? नॉर्मल,” काका म्हणाले. “दरसालसारखी. इचारून काय राह्यल्या!”

ह्यांनी वाढलं. बादली दुसऱ्या वाढणाऱ्याच्या हातात दिली, काकांच्या बाजूला मांडी घातली आणि माझ्याकडे बघितलं.

“मले वाढ. रोडगा दोन, अन् भाजी भरून.”

“चव येते का?” मी घाईनं विचारलं.

“कायची चव? पन रिपोर्ट तं आला ना.”

त्या दिवशी बायकांनी वाढायचं नसतं. मी वाढलं.