मोठा कोर्स

चाळीतली एखादी मुलगी मॅट्रिक झाली की आमच्या शेजारची काकी तिला हाक मारायची आणि आधी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून बघायची. ज्योतिष नव्हे, नखं बघायची. मग विचारायची, "छोटो की मोठो?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायची, "शिकाचा तर मोठोच शीक गो. छोटो करशीत तर माझ्यासारखी रवशीत."

घाटकोपरच्या आमच्या चाळीत लग्नं जुळवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. ही नर्सिंगचे कोर्स जुळवायची. छोटा म्हणजे सुईणीचा. घरून जाऊन-येऊन करायचा, पुढे जन्मभर बाळंतपणं करायची. मोठा म्हणजे जनरल नर्सिंगचा. तीन-साडेतीन वर्षं इस्पितळाच्या हॉस्टेलात राहायचं. मग वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, आणि नशिबात असेल तर सिस्टर, मेट्रन. ती स्वतः छोटा करून एका प्रसूतिगृहात लागली होती. इस्पितळातल्या सिस्टरांच्या चालण्याची नक्कल ती अशी करायची की आम्ही हसून लोळायचो.

माझ्या वडिलांना छोटाच हवा होता. पोरगी घरात राहील, लग्नाचंही बघता येईल, नर्स झालेल्या मुलीला कोण करून घेतो, असं त्यांचं म्हणणं. काकी रोज संध्याकाळी येऊन आमच्या दारात बसे आणि वडील पेपर तोंडासमोर धरत. तिची चिकाटी गोचिडीची. शेवटी वडीलच कंटाळले आणि मी हॉस्टेलात गेले.

तुम्ही म्हणाल, मग ही बाई स्वतः का गेली नाही? आम्हीही तेच म्हणायचो. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा परक्या बंदरात उतरला, तो बोटीवर परत चढलाच नाही. मेला म्हणावं तर खबर नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. आणि मोठ्या कोर्सला त्या काळी कुमारिका घेत, नाहीतर विधवा. मनगटंही उघडी लागत. प्रसूतिगृहात ती काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून वर फडकं बांधायची. तिथे ते चालून जायचं.

सासू तर बांगड्या उतरवायचं नाव काढू देत नसे. "माझो झील परत इलो तर तेका काय सांगतलंस?" एवढंच ती म्हणे, आणि काकी निमूट चुलीकडे वळे. सगळ्या चाळीने दोष म्हातारीच्या माथी मारला होता. म्हातारी वारली तेव्हा, खरं सांगते, मला वाईट वाटण्याआधी हायसं वाटलं.

काकीला वयाची अट ओलांडायला तेव्हा थोडेच महिने उरले होते. मी शेवटच्या वर्षाला होते. आमच्या मेट्रनबाईंना जाऊन सगळं सांगितलं. बाई कडक, पण आतून माया असलेल्या. म्हणाल्या, तिला घेऊन ये. विधवा आहे एवढं तिने आपल्या तोंडाने सांगावं, पुढचं मी बघते.

काकी आली. हातात बांगडी नव्हती. चाळीतून निघताना हात पदराखाली धरले होते, म्हणाली. मेट्रनबाईंनी शिक्षण विचारलं, कामाचं विचारलं. तिने सगळी उत्तरं नीट दिली, बाईही खूष दिसल्या. मग अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि नवरा वारला ना?"

काकीने आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं. मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं बाई, एकदाच हो म्हण.

"आहेत," ती म्हणाली.

बाहेर फाटकापाशी मी तिच्यावर भडकले. आता तुला कोण अडवतंय, सासूसुद्धा गेली, असं नको नको ते बोलले.

"ती होती तवसर तेची वाट बघूक आमी दोघी होतंव," ती म्हणाली. "आता मी एकटीच. तो मेलो असा मीच म्हटलंय तर तो खराच मेलो गो."

मला ते पटलं नाही. आजही पटलंय असं नाही. आठवलं की राग येतो आणि रडूही येतं.

पुढे ती चाळ सोडून मानखुर्दला राहायला गेली. मी सिस्टर झाले तेव्हा पेढे घेऊन तिच्याकडे गेले, तर खोलीत दुसरंच बिऱ्हाड. शेजारच्या बाईला विचारलं.

"कोण, ती सुईण?" बाई म्हणाली. "जिचा नवरा बोटीवर असतो, ती? ती वारली हो, तापाने. नवऱ्याला कळवायचं होतं, पण पत्ता कोणाकडेच नव्हता."