आईच्या गळ्यातला कॅमेरा

बीटी कपाशी आल्यापासून बायांचं काम वाढलं की कमी झालं, हे शोधायला पुण्याहून एक संशोधक साहेब चिखलीजवळच्या आमच्या गावात आले. बोंडअळी परत आल्यापासून कपाशीत राम उरला नव्हता, काम मात्र होतं तेवढंच होतं. विचारलं असतं तर आईनं हात न थांबवता सांगितलं असतं. पण माणसं विचारल्यावर खरं सांगत नाहीत म्हणे. म्हणून तिच्या गळ्यात काडेपेटीएवढा कॅमेरा अडकवला. तो आपोआप फोटो काढत राहायचा. मी साहेबांची मदतनीस, त्यामुळे संमतीच्या कागदावर आईची सही मीच घेतली आणि नियमही वाचून दाखवला: खाजगी वेळी कॅमेरा काढून ठेवावा. खाजगी म्हणजे दार लावून करायचं ते, असं नियम लिहिणाऱ्याला वाटलं असावं. कपाशीच्या वावराला दार कुठून आणायचं?

आमच्याकडे वेचणीच्या बाया तुरीआड जोडीनं जातात. एक बसते, दुसरी पाठ करून राखणीला उभी राहते. त्या दिवशी शेजारच्या काकीसाठी आई उभी होती. धुऱ्याच्या बांधावरून कोणी येताना दिसलं, तशी ती काकीला सांगायला वळली. छातीवरचा कॅमेराही वळला.

संध्याकाळी आमच्या ओसरीत साहेबांनी लॅपटॉप उघडला. काकी हौसेनं अगदी पुढे येऊन बसली होती. तो फोटो आला तशी ती मागे सरकली. मी घाईनं झाकण पाडलं. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब सज्जन माणूस. शांतपणे म्हणाले, "काळजी करू नका मावशी, आम्ही चेहरा पुसून टाकतो. कोणी ओळखणार नाही."

"तोंड राहू द्या सायेब," काकी म्हणाली. "तोंड तं सारं गाव पाह्यते. बाकीचं पुसा."

साहेबांनी नियम चाळले. सही आईची, म्हणून पुसायला सांगायचा हक्कही आईचाच. काकीला तो नव्हता. शिवाय एकेक फोटो काढला तर अभ्यास बिघडतो, पुसायचा तर अख्खा दिवस पुसावा लागेल.

"मंग माहा दिवसच पुसा," आई म्हणाली.

पुसला. पुढे अहवाल आला तेव्हा मी आधी आईचा तो दिवस शोधला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून उन्हात वाकून कापूस वेचलेल्या बाईपुढं छापलं होतं: काम आढळले नाही.