आखूड पायाचा बैल

पोळा जवळ आला की एक पेंटर सिंदीहून एकटाच वडनेरला यायचा आणि माझ्या चक्कीसमोरच्या देवळाच्या भिंतीवरचा जुना बैल पुन्हा रंगवायचा. तो बैल मुळात कुणी काढला, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हा मात्र त्या माणसाबद्दल रोजच्या ओळखीतल्यासारखं बोलायचा. आधी सुका ब्रश जुन्या रेषांवरून हळूहळू फिरवायचा, मगच रंगाचा डबा उघडायचा.

"त्याचा हात कसा चालला ते पाहून राह्यलो," म्हणायचा.

बैलाचा मागचा एक पाय आखूड होता. "तेवढा सुधरवा ना भाऊ," मी दरवर्षी म्हणायचो.

"नाई भाऊ. तिथं त्याचा हात चुकला. ते बी पुसलं, तं मी शिकू कोनापाशी?"

चहा दिला तरी भिंतीकडेच तोंड करून प्यायचा.

यंदा देवळाच्या समितीने त्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स बसवल्या. त्याला कळवायचं कुणाच्या, माझ्याही, मनात आलं नाही. तो आला, भिंतीसमोर उभा राहिला. मग पिशवीतून सुका ब्रश काढून त्या गुळगुळीत टाइल्सवर फिरवू लागला. शिंगं, वशिंड, पाठ, एकेक पाय. शेवटच्या पायाला त्याचा हात बाकीच्या पायांहून वीतभर वरच थांबला.