आंबा कोणी चोरला?

मला त्या स्पीकरचा राग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून समतोलबिमतोलाची अपेक्षा धरू नये.

एटापल्लीच्या पुढे, डांबर संपतं तिथून बरंच आत माझी शाळा. मी पोंभुर्ण्याकडची, झाडीबोलीत वाढलेली, आणि वर्गातली मुलं घरी गोंडी बोलणारी. मी त्यांच्याकडून गोंडी शिकले, त्यांनी माझ्याकडून मराठी, आणि एकमेकांच्या चुकांवर आम्ही पोटभर हसून घेतलं. असं बरं चाललेलं असताना वरून ध्वनिनाट्यं आली. शहरातल्या स्टुडिओत बसून रेकॉर्ड केलेली. रोज वर्गात स्पीकरवर लावायची, त्यानं मुलांची भाषा सुधारते म्हणे.

पहिलंच नाटक आंब्याच्या चोरीचं. बागेतला आंबा मालकाचाच मुलगा तोडतो, आळ गड्यावर येतो, गड्याला चाबकानं बडवतात, मग मुलगा चोरी कबूल करतो आणि सगळे मिळून खरेपणावर गाणं म्हणतात. मालक आणि मुलगा पुस्तकातलं मराठी बोलतात. गडी तेवढा खेडवळ. चाबूक सपसप वाजतो आणि तो किंचाळतो, “नाय मालक, नाय! म्या नाय चोरला!” आमच्याकडे लोक ‘नाई’ म्हणतात, पण स्टुडिओवाल्यांना त्याचं काय! त्यांच्या लेखी खेड्यातला माणूस म्हणजे ‘म्या’ आणि ‘नाय’, की झालं काम.

दुसरीतली एक मुलगी हे नाटक लागलं की दोन्ही कान दाबून धरायची. एरवीही ती वर्गात फारसं बोलत नसे. नाटकांची पाहणी करायला आलेल्या साहेबांनी तिला पाहिलं आणि तिथल्या तिथे निदान करून टाकलं. “मॅडम, हिच्या कानांत दोष आहे. हिला चंद्रपूरला मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घाला. पुढच्या खेपेला मी पुन्हा बघतो आणि पाठवून देतो.” कान दाबून धरणाऱ्या मुलीला ऐकू येत नाही, हा शोध लावायला माणूस साहेबच असावा लागतो.

तिच्या बापाला ते पटलं. साहेब बोलले म्हणजे खरंच असणार. आई मात्र मोहफुलं वेचून परतताना टोपलं घेऊन तशीच शाळेत आली.

“बाई, पोरगी बहिरी नाई. पाखरू कुठी बोलून राह्यलं, ते तिले माझ्याआधी समजते. तिले काऊन पाठवता? इतकी लहान आहे ते. तिची भाषा तिथी कोन बोलन?”

मी म्हटलं, “मी नाई पाठवत.” पण माझं ऐकतो कोण, ही धास्ती मलाही होतीच.

साहेब पुन्हा आले, तेव्हा मुलीची आईही येऊन दारात उभी राहिली. नाटक लावलं. चाबूक वाजला, मुलीचे हात कानांवर गेले. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पैज जिंकली. नाटक संपल्यावर तिला पुढे बोलावलं.

“सांग बाळा, आंबा कोणी चोरला?”

ती हळूच म्हणाली, “नय.”

“नाही काय? आंबा कोणी चोरला?”

“नय.”

“नाही नाही काय करतेस? कोणी चोरला ते सांग!”

“नय!” आता ती चक्क ओरडली. मागची मुलं माना डोलवत होती. बरोबर सांगून राह्यली ती, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

साहेब माझ्याकडे वळले. “बघितलंत? प्रश्न काय, उत्तर काय. मी सांगत नव्हतो?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोली सांभाळायचं भानही राहिलं नाही. “साहेब, ते ‘नाही’ नाई म्हणत. गोंडीत नय म्हणजे कुत्रा. तुमचा गडी नाय नाय करून बोंबलते, तर पोराइले वाटते का कुत्र्यानं आंबा चोरला. तिनं सारं ऐकलं. तुमालेच समजून नाई राह्यलं!”

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मग ते म्हणाले, “असेल. पण उत्तर चुकलंच ना? चोर मालकाचा मुलगा आहे.” चंद्रपूरचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. दारात उभ्या असलेल्या आईला मी मानेनंच सांगितलं, राहिली पोरगी.

मी मुलीला जवळ घेतलं आणि गोंडीत विचारलं, मग कान का झाकत होतीस? ती म्हणाली, कुत्र्याला मारतात ना, बाई. रोज मारतात. तुम्ही रोज लावता.

मला वाटलं, आता हिच्या मनावरचं ओझं उतरवावं. मी सांगितलं, अगं, तिथे कुत्रा नाहीच. तो माणूस आहे. गडी आहे तो. आंबा त्यानं घेतलेलाही नाही.



“माणसाला मारतात?” तिनं विचारलं. “आणि मग सगळे गाणं म्हणतात?”

साहेब विचारत होते, काय म्हणते ती. तिचे हात पुन्हा कानांवर गेले होते, आणि स्पीकर तर बंद होता.