कलम चार आणि मोठी अडई

अर्जदार : मी स्वतः. वय त्रेपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक धारच्या कचेरीबाहेर लिंबाखालच्या टेबलावर.
ज्यांच्यासंबंधी : देवासचे एक निवृत्त चित्रकलाशिक्षक. मी त्यांना मास्तर म्हणतो.
घटनास्थळ : धार आणि देवास यांच्या मधला, पक्ष्यांसाठी राखलेला एक तलाव.
दिनांक : गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, व तेव्हापासूनचे सर्व रविवार.
साक्षीदार : तलावावरचा चौकीदार. दुसरा साक्षीदार उपलब्ध नाही.

वर कोणाचेही नाव लिहिलेले नाही. नाव नसलेला अर्ज केराच्या टोपलीत जातो, असे मीच लोकांना रोज बजावतो. परंतु एकदा एका कागदावर मी एका माणसाचे नाव वडिलांच्या नावासह, सुवाच्य अक्षरांत लिहिले. त्याचे पुढे काय झाले, तेच येथे नमूद करावयाचे आहे.

माझे शिक्षण आठवीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. मराठी घरातली, आजोबांच्या पोथ्यांवरून उचललेली. तरीही तिरल्याहून, अमझेऱ्याहून, क्वचित थेट डहीहूनही माणसे माझ्याच टेबलाशी येतात, कारण माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. हे मी बढाई म्हणून नव्हे, माहितीसाठी सांगतो. दिवसभर मी दुसऱ्यांची गाऱ्हाणी ‘मी’ म्हणून लिहितो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझे स्वतःचे असे सांगण्यासारखे काही नसते, आणि ऐकणारेही कोणी नाही. लग्न राहून गेले. धाकटा भाऊ इंदूरला असतो.

कॅमेरा मी जुना घेतला होता, कचेरीत लागणाऱ्या जागेच्या फोटोंसाठी. त्यात पहिले बदक कसे आले हे आता आठवत नाही. तलावाच्या काठी मी ते बदक टिपत असताना मागून आवाज आला, “त्याला थापट्या म्हणतात. चोच पाहा, उलथन्यासारखी आहे.” वळून पाहिले तर गळ्यात दुर्बीण, मांडीवर चित्रांची वही आणि पायात चपलांऐवजी गमबूट असलेले एक वृद्ध गृहस्थ. हेच मास्तर.

त्यानंतर सहा हिवाळे आम्ही दर रविवारी भेटलो. मी धारहून पहिल्या बसने येई, ते देवासहून स्कूटरवर. मी फोटो काढी आणि ते नावे सांगत. फोटो काढताना मी श्वास रोखून धरी, आणि ते मुद्दाम तेव्हाच विचारत, “काय वकीलसाहेब, बदकाची जबानी झाली का?” मी वकील नाही हे त्यांना ठाऊक होते. त्या हाकेत टोमणा होता हे मलाही ठाऊक होते. तरी ती मला आवडे.

त्यांच्या डब्यात थालीपीठ असे, माझ्याकडे पोहे आणि शेव. चौकीदार तिघांचा चहा करी. ऊन चढेपर्यंत आम्ही पाण्याकडे तोंड करून बसून असू. बोलण्याची गरज पडत नसलेली ती माझ्या आयुष्यातली एकमेव जागा होती.

चौकीत एक नोंदवही असते. कोणता पक्षी दिसला, किती दिसले, पाहणाऱ्याचे नाव आणि सही. जो पक्षी त्या तलावावर पूर्वी कधी दिसलेला नाही, त्याचे नाव फाटकाजवळच्या फळ्यावर रंगवतात आणि खाली पाहणाऱ्याचे नाव. इतक्या वर्षांत मास्तरांचे नाव त्या फळ्यावर आले नव्हते. माझेही नव्हते.

वर सांगितलेल्या रविवारी कमळाच्या पानांमागे अडयांचा थवा बसला होता. अडई म्हणजे उडताना शीळ घालणारे तांबूस बदक. चौकीदार तिला सिल्ही म्हणतो. थव्यात एक पक्षी जरा थोराड होता. तो उठला, पंख झटकले आणि पुन्हा पानांआड बसला.

मास्तर एकदम उभे राहिले. “मोठी अडई आहे ती, या तलावावर पहिलीच. शेपटीच्या मुळाशी पांढरे पाहिलेत?”

“मला तांबूस दिसले,” मी म्हणालो.

“लहान अडईचे तांबूस असते. हिचे पांढरे होते. अहो, तुम्ही कॅमेऱ्यातून पाहता, तुम्हाला काय दिसणार?”

“कॅमेरा पुरावा देतो, मास्तर. दुर्बीण देत नाही.”

“दोई सिल्ही ज तो हे, भिया,” चौकीदार मधे पडला; त्याच्या लेखी दोन्ही सिल्हीच. “लड़ो क्यों हो?”

मी तेथल्या तेथे फोटो पाहिले. सगळ्यांत पक्षी पानांआड अर्धा झाकलेला. मास्तरांनी मात्र चौकीतल्या नोंदवहीत लिहिले : मोठी अडई, एक. खाली सही केली. शाई वाळेपर्यंत ते त्या ओळीवर फुंकर घालीत राहिले.

खरे कारण आता लपवून उपयोग नाही. पक्षी कोणता, ही शंका मला प्रामाणिकपणे होती. पण परतीच्या बसमध्ये मनात फिरत होते ते वेगळेच : फळ्यावर नाव त्यांचे येणार, आणि सहा हिवाळे थंडीत श्वास रोखून फोटो काढणारा मी कोठेही नसणार.

सोमवारी दोन पक्षकारांच्या मधल्या रिकाम्या वेळेत मी त्या नोंदीविरुद्ध वनखात्याच्या साहेबांना अर्ज लिहिला. हिंदीत, नेहमीच्या कागदावर. पहिल्या कलमात घटना, दुसऱ्यात शंका, तिसऱ्यात फोटोंची यादी. चौथे कलम माझ्या हाताने आपोआप लिहिले : “यह कि उक्त व्यक्ति पूर्व में भी ऐसा कृत्य करता रहा है.” सदर इसम यापूर्वीही असे करीत आला आहे. हे वाक्य मी प्रत्येक तक्रारीत घालतो. बांध कोरला असो, शेळी चोरली असो, त्यावाचून साहेब लोक हलत नाहीत. एका चुकीची कोणी दखल घेत नाही, सवयीची घेतात. ते लिहिताना मी मास्तरांचा विचार केला नाही. कोणाचाच केला नाही. पेन चालले, एवढेच.

माझ्या हातचा अर्ज परत येत नाही. हाही आला नाही.

पुढच्या रविवारी चौकीत शिरलो तेव्हा मास्तर वहीवर वाकले होते. मोठ्या अडईची ओळ लाल शाईने खोडली होती. तेवढ्याची माझी तयारी होती. पण साहेबांनी चौथे कलम वाचले होते, आणि मागच्या सर्व पानांवर, जेथे जेथे मास्तरांची सही होती तेथे तेथे, लाल प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. थापट्यांपुढे, चक्रवाकांपुढे, टिबुकल्यांपुढेसुद्धा. टिबुकली तर प्रत्येक डबक्यात असते.

अर्जाची प्रत वहीला टाचलेली होती. मास्तरांनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढून पुसला आणि मला विचारले, “या आधी केव्हा?”

मी कॅमेऱ्याचे झाकण लावू लागलो.

“अक्षर चांगले आहे तुमचे,” ते म्हणाले. “पण तारीख नाही घातलीत. या आधी केव्हा, अर्जनवीसजी?”

पहिल्यांदाच त्यांनी मला माझ्या खऱ्या धंद्याच्या नावाने हाक मारली. थालीपिठाचा डबा त्यांनी न उघडता स्कूटरच्या हुकाला अडकवला. चौकीदार म्हणाला, “चाय तो पी जाओ, बाबूजी.” ते थांबले नाहीत.

त्यानंतर मी एकटाच येतो. फोटो निघतात, नावे मिळत नाहीत. चिखलात पळणारे लहान पक्षी मला सगळे सारखेच दिसतात. माझ्या यादीत आता ‘अनोळखी’ हा शब्द इतका झाला आहे की वाचताना लाज वाटते. चौकीदार अजून सवयीने तीन कप मांडतो आणि एक परत उचलतो. मी तिकडे पाहत नाही.

या उन्हाळ्यात कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करताना त्या रविवारचा एक हललेला फोटो समोर आला. हललेला म्हणून मी तो कधी मोठा करून पाहिलाच नव्हता. पक्षी पंख झटकीत होता, पाठ माझ्याकडे होती, आणि शेपटीच्या मुळाशी खडूने ओढल्यासारखी पांढरी कमान होती. कॅमेऱ्याने पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन फोटोसह तक्रार मागे घेतली. लाल प्रश्नचिन्हे रद्द झाली. बाबू म्हणाला, “पर सिल्ही वाली लाइन कट चुकी है. जिन्होंने देखी थी, वो खुद आके फिर से दस्तखत करें, तभी बोर्ड पे चढ़ेगी.” माझी सही चालेल का, असे मी विचारले. “आपने कहाँ देखी थी?” तो म्हणाला. प्रश्न रास्त होता.

देवासला दोनदा फोन केला. मास्तरांच्या सूनबाईंनी सांगितले, “बाबा आता पक्ष्यांकडे जात नाहीत. दुर्बीण कपाटात ठेवली आहे.” पत्रे तीन लिहिली. प्रत्येक पत्र दुसऱ्या ओळीपासून अर्ज होऊ लागले, म्हणून फाडली. हा चौथा कागद आहे. तोही अर्जच झाला आहे. मला दुसरे लिहिता येत नाही.

तरी मास्तरांस विनंती की,

कलम चार खोटे होते. यापूर्वी कधीही नाही. एकदाही नाही. हे मी कोणाच्याही दबावाविना लिहून देत आहे.

नोंदवहीत त्या खोडलेल्या ओळीखाली एक ओळ मोकळी ठेवून घेतली आहे. थंडी पडू लागली आहे, अडया आल्या आहेत. आपण एखाद्या रविवारी येऊन सही करावी. मजशी बोलणे आवश्यक नाही. मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसेन.

उत्तर मिळावे. लेखी नसले तरी ग्राह्य धरले जाईल.

अर्जदार,
लिंबाखालचे टेबल, धार.